वारं मोजायला आलेला साहेब

“आता बघाच! बेळगावचा साहेब येतोय मशीन घेऊन. आमच्या मालुबाईचं वारं मोजणार! अख्ख्या निपाणी भागात कुणाचं मोजलंय काय आजवर?”

आण्णाप्पानं फोन खिशात टाकला आणि छाती अशी फुगवली, की सदऱ्याचं बटण सुटून थेट शेजारच्या यशोदाबाईच्या चहात पडलं!

वारं या मुलखात दोन तऱ्हेचं. एक शाळवाच्या पानांतून सळसळत जातं. दुसरं अंगात येतं, देवीचं. फोनवर साहेबानं विचारलं ते पहिल्याबद्दल. आण्णाप्पानं उत्तरं दिली ती दुसऱ्याबद्दल!

“वारं येतंय का चांगलं तुमच्याकडे?”

“येतंय तर! हिच्या आजीपास्नं येतंय.”

“जोर कसा आहे?”

“चार बाप्ये धरत्यात, तरी आवरत न्हाय!”

“अरे वा! आणि दिशा?”

“उगवतीकडं तोंड करून बसती.”

साहेबाचं नाव जिनपाल. बेळगावच्या खासबागात वाढलेला, घरी कन्नड, बाजारात मराठी. ‘बसती’ ही त्याला वाऱ्याचीच काहीतरी गावठी जात वाटली. ‘पवनचक्की’ हा शब्द त्यानं एकदाच उच्चारला, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली.

आत चुलीपुढं मालुबाईनं हे ऐकलं आणि तिच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली.

कारण तिचं वारं गेलं होतं. लेक सौम्या लग्न होऊन चिकोडीला गेली, आणि तिच्यामागोमाग घरातून काय उठून गेलं कुणास ठाऊक. दर शुक्रवारी मालुबाई न्हाऊन, केस सोडून बसायची. हलगी कडाडायची. आणि ती मात्र नदीतल्या धोंड्यासारखी गप्प. माणसं हळूहळू उठून जायची. यशोदाबाई तर चारचौघांत म्हणाली होती, “देवीची बदली झाली काय गं चिकोडीला?” सगळे हसले. मालुबाईही हसली. मग मोरीत जाऊन तिनं पदराला डोळे पुसले.

आणि आता मशीन! सगळ्या गावापुढं त्यात भोपळा दिसला, म्हणजे?

“आवो, नगा बोलवू त्या सायबाला,” ती म्हणाली.

“आगं, सरकारी मशीन हाय! देवी बी जरा वळख ठेवील!”

जिनपाल जीपमधून उतरला तो हलगीच्या तालात. कुणी कपाळाला भंडारा लावला, कुणी हातात लिंबू दिलं, कुणी नारळ फोडला. इतर गावांत लोक त्याला विचारायचे, ‘पात्याचा आवाज किती? आमच्या कोंबड्या अंडी घालतील का?’ इथं हा सोहळा! बिचारा हातातल्या लिंबासकट भाषणालाच उभा राहिला.

“मंडळी,” तो म्हणाला, “कोळसा संपेल. डिझेल संपेल. पण वारं कधी संपत नाही!”

“चांगभलं!” गाव गरजलं.

फक्त मालुबाईनं मान खाली घातली.

“चला, जागा दाखवा वाऱ्याची,” जिनपाल म्हणाला.

“ही काय, हुबी हाय की!” आण्णाप्पानं बायकोला पुढं ढकललं.

बाई वाट दाखवणार, असं जिनपाल समजला. मालुबाईला वाटलं, देवीच्या माळावर न्यायचं असणार. ती पुढं, तो मागं, त्यामागं हलगी आणि गाव.

माळ उघडा, आभाळाला टेकलेला. खाली ऊस, तंबाखू, बोरगावकडं जाणारा रस्ता. झाडाचं पान हलत नव्हतं. जिनपालनं पिशवीतून एक दांडा काढला. त्याच्या टोकाला तीन इवल्या वाट्या, बाहुलीच्या भातुकलीतल्यासारख्या.

“धरा आक्का. उंच धरा.”

मालुबाईनं दांडा धरला. वाट्या गप्प. यशोदाबाई कुणाच्या तरी कानात खुसखुसली. मालुबाईनं डोळे मिटले, आणि ओठांवर तिला कळायच्या आत ओवी आली:

“वारं आलं, वारं आलं, शाळवाच्या पानातून,
माय माझी येती बाई, उघड्या माळरानातून…”

आधी उसाचे तुरे वाकले. मग गवत वाकलं, दूरवरून, कुणीतरी अनवाणी चालत यावं तसं. मग तिचा पदर उठला. वाट्या थरथरल्या, फिरल्या, आणि बघता बघता तीन वाट्यांचं एकच रुपेरी कडं झालं! हलगीवाल्याची टिपरी हातातच राहिली.

“पाच… सहा… आठ!” दांड्याच्या बुडाशी चमकणारे आकडे वाचत जिनपाल ओरडला.

“आठ!” गावानं जमिनीला डोकं टेकलं. यशोदाबाईनं तर मालुबाईचे पायच धरले.

मालुबाईनं डोळे उघडले. अंगात काही नव्हतं. ती खांबासारखी स्थिर होती, आणि भोवती सगळा माळ घुमत होता.

गप्प राहिली असती, तर गेलेली अब्रू दुपटीनं परत आली असती. पण ती म्हणाली, “सायब, मशीन चुकलं. हे माझ्यातलं न्हाय. हे भाईरचं वारं.”

“अहो आक्का, मला बाहेरचंच पाहिजे! आतलं घेऊन मी काय करू? पवनचक्की उभी करायचीय!”

हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली. आण्णाप्पा बटण नसलेला सदरा नीट करू लागला.

मग जिनपालनं समजावलं. ऊन पडतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर जाते. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी हवा धावत येते, तेच वारं. ते पातं फिरवतं, पात्यामागचं यंत्र फिरतं आणि तारेत वीज येते.

मालुबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. “म्हंजे घरातला दिवा मुळात सूर्याचाच?”

“सूर्याचाच.”

“आगं माझे बाई!” तिनं उन्हाकडं असं पाहिलं, जसं आजवर देव्हाऱ्याकडंच पाहिलं होतं. मग हळूच विचारलं, “आन् वारं पडलं तर, सायब? म्हैनं म्हैनं आलंच न्हाय तर?”

“पडतं की. म्हणून तर वर्षभर मोजत राहायचं. पडलं म्हणजे गेलं, असं नसतं आक्का.”

मालुबाईनं दांडा आणखी घट्ट धरला. किती दिवसांनी तिच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलला होता.

सगळ्यांना सगळं समजलं. एका बाईला सोडून! यशोदाबाईनं मालुबाईच्या पायांवरचं डोकं वर केलं.

“मालुबाई, आठ आलं न्हवं? मी मनातल्या मनात इचारलंतं, म्हस कवा व्यायची म्हणून. आठ म्हंजे काय गं? दिस का म्हैनं?”

मालुबाईनं हसू दाबत जिनपालकडं पाहिलं.

“आक्का, आठ म्हणजे आठ मीटर,” तो समजुतीनं म्हणाला, “एका सेकंदात.”

“शेकंदात?” यशोदाबाई ताडकन उठली. “आगं बया! मग व्यालीच आसंल की!”

आणि ती उतारावरून अशी पळत सुटली, पदर असा शिडासारखा फुगला, की जिनपालनं सवयीनं मालुबाईच्या हातातला दांडा तिकडं वळवला.