चुकून बरोबर चढलेला झेंडा

सकाळी आठ वाजता आल्विन प्रीवेटने हेदरली किल्ल्याच्या बुरुजावर झेंडा चढवला, तेव्हा त्याचं मन खाली नदीवर होतं. लग्नाला आज तीस वर्षं झाली होती, आणि डल्सीला एकदा नावेतून फिरवून आणण्याचं वचनही तेवढंच जुनं होतं. धुक्यात नदी दिसत नव्हती, पण आल्विनला दिसत होती. नाव, डल्सीची निळी टोपी, डब्यात काकडीची सँडविचेस. अशा तंद्रीत माणसाने फार तर चहात मीठ घालावं. आल्विनने पेटीतला भलताच झेंडा उचलला.

राजेसाहेब किल्ल्यात असले की राजध्वज, नसले की साधा झेंडा, असा तिथला रिवाज. राजेसाहेब तर राणीसाहेबांसह स्कॉटलंडला शिकारीला गेलेले. एकतीस वर्षांत आल्विनच्या हातून एकदाही चूक झाली नव्हती, आणि हे तो रोज कुणाला तरी ऐकवत असे.

अकरापर्यंत धुक्याने त्याची लाज राखली. मग ऊन पडलं आणि साऱ्या गावाला राजध्वज दिसला. बेकरीवाल्याने कुणी न सांगताच मनुकांचे बन भट्टीत सरकवले. बँडवाले कोटाची बटणं लावत चौकात जमले. नदीपलीकडे लेडी रोझामंड राहत असत. तरुणपणी राजेसाहेब एका रात्रीत त्यांच्याबरोबर सात वेळा नाचले होते, आणि गाव ते सात नाच अजून विसरलं नव्हतं. पुढची गोष्ट लोकांनी बसल्या जागी तिखटमीठ लावून तयार केली. दुपारच्या गाडीने लंडनचे चार वार्ताहरही उतरले.

आल्विनला हे डल्सीकडून कळलं. ती धापा टाकत बुरुजाच्या पायथ्याशी आली.

"आल्विन! राजेसाहेब एकटेच आलेत म्हणे! लेडी रोझामंडने सकाळपासून तीनदा खिडकी उघडली!"

"उकडत असेल तिला."

"हेदरलीत? काहीतरीच तुझं! खरं सांग, पाहिलंस ना त्यांना?"

"मी? कुणाला?"

"अरे, झेंडा तूच चढवलास ना?"

आल्विनने वर पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

तेवढ्यात किल्ल्याचे कारभारी मेजर टॉलिव्हर तिथे पोचले. "प्रीवेट, हा काय बावळटपणा! मी स्कॉटलंडला फोन लावला. राजेसाहेब फोनवर येत नाहीत, डोकं दुखतंय म्हणे. राणीसाहेबांचंही दुखतंय. हा बोभाटा कानावर गेला असणार, दुसरं काय! झेंडा उतरव आणि बुरुजाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेव. किल्ल्याने दिलेलं घरही रिकामं कर."

एकशे चाळीस पायऱ्या आल्विन एकेकीचा निरोप घेत चढला. वर पोचला, तर धुराड्याच्या आड कुणीतरी सतरंजी अंथरलेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी बसलेले राजेसाहेब डब्यातले सार्डिन मासे खात होते. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून एक बाई झोपली होती, तोंडावर टोपी.

म्हणजे गाव म्हणत होतं ते खरंच! आल्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाईंनी टोपी बाजूला केली.

"अरे देवा," राणीसाहेब म्हणाल्या, "प्रीवेट आला!"

राजेसाहेबांनी बोटं चाटली. "आम्ही इथे आहोत हे तुला कळलं कसं? चोरून थर्ड क्लासने आलो, धुक्यात मागच्या जिन्याने चढलो."

"कळलं नाही, महाराज. झेंडा चुकून चढला."

दोघांनी मान वर करून झेंड्याकडे पाहिलं. राणीसाहेबांना हसू आवरेना. "बावीस वर्षांच्या संसारात एक दिवस, फक्त एकच दिवस, दोघांनी मिळून काढायचा होता. तर तुझी चूक नेमकी बरोबर निघाली!"

"उतरव तो," राजेसाहेब म्हणाले, "आणि चूक झाली म्हणून सांग."

"पण महाराज, चूक झालीच नाही! एकतीस वर्षांत…"

"मेजरचं मी बघतो. पण गाव तुला हसेल. चालेल?"

आल्विनने राणीसाहेबांच्या उघड्या पावलांकडे पाहिलं. राजाच्या घरीही वचनं अशीच राहून जातात तर! त्याला एकदम भरून आलं.

"चालेल, महाराज."

झेंडा उतरवून तो खाली आला, त्याने किल्ली मेजरच्या टेबलावर ठेवली आणि चारचौघांत चूक कबूल केली. गाव पोट धरधरून हसलं. डल्सी मात्र त्याला कोपऱ्यात घेऊन गेली.

"लेडी रोझामंड होती ना वर?"

"नव्हती. तुझी शपथ."

"मग इतका वेळ वर करत काय होतास?"

"डल्सी, तुझी निळी टोपी कुठंय?"

त्या संध्याकाळी नदी सोन्यासारखी झाली होती. आल्विनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि नाव वल्हवत विलोच्या झाडांखाली नेली. डल्सी त्याच्या गुडघ्याला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी मेजरने किल्ली परत दिली. वार्ताहरांना मात्र रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं. लंडनच्या पेपरात मथळा होता: 'हेदरलीच्या झेंडेवाल्याचं चित्त कुणी चोरलं? नावेतली निळ्या टोपीची ती कोण?'

डल्सीने ते कात्रण काचेच्या चौकटीत बसवून शेगडीच्या वर भिंतीवर टांगलं. शेजारणी एकामागून एक येऊन विचारू लागल्या, "डल्सी, ती तूच ना गं?" तिच्या पोटात आजवर कुठलीच बातमी टिकली नव्हती. या वेळी तिने खिडकीतून नदीकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि म्हणाली, "मी काही बोलणार नाही."