साळवे सरांचं निरोपाचं भाषण

निरोपाच्या भाषणाला उभं राहताना साळवे सरांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, तेव्हाच पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनी सावध व्हायला हवं होतं. शाल पांघरून माणसाला भांडता येत नाही.

जालिंदर साळवे तिसगावजवळच्या एका हायस्कूलात गणित शिकवायचे. केस पांढरे झाले तरी ते सहशिक्षकच राहिले. हेडमास्तरची खुर्ची पहिल्यांदा रिकामी झाली तेव्हा संस्थेचे चेअरमन गोरक्षनाथअण्णांनी तिथे आपला मेव्हणा बसवला. मेव्हणा निवृत्त होतोय म्हटल्यावर सरांनी नवा सफारी शिवून घेतला, तर अण्णांनी आपले व्याही दहातोंडे यांना आणलं. दहातोंडे डबा खाऊन ऑफिसात डुलक्या काढायचे आणि दहावीचे जादा तास साळवे सर घ्यायचे. निकाल चांगला लागला की हार दहातोंड्यांच्या गळ्यात. अण्णांच्या घरी लग्न निघालं की मांडवाबाहेर जीपगाड्या लावून घ्यायला मात्र साळवे सर! ही काय पद्धत झाली?

अशातच तिसगावच्या बौद्ध मंडळींनी स्वतःची शाळा काढायचं ठरवलं. नाव मैत्री विद्यालय. सकाळी त्रिसरण-पंचशील, मग पाढे. अध्यक्ष श्रीमंतराव भिंगारदिवे हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. ते सरांच्या घरी आले आणि म्हणाले, "हेडमास्तर तुमी." सरांनी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही.

तर त्या निरोप समारंभात सर बोलले.

"या शाळेत काही माणसांनी नुसत्या झोपा काढल्या आणि हार घालून घेतले. काही माणसांनी सोयरे पुढं केले आणि राबणाऱ्याला मागं ठेवलं. काही माणसांना शिक्षक म्हणजे घरचा गडी वाटला. त्या माणसांना मी आज सांगतो, लाज वाटू द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी वाजवल्या, दहातोंड्यांनी तर उभं राहून वाजवल्या. शरमेने वाजवत असतील असं सरांना वाटलं. घरी येऊन त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

"अहो, पण नाव घेतलंत का कुनाचं?" जयमालाबाईंनी विचारलं.

"नाव कशाला घ्यायचं? मी सभ्य माणूस आहे. आणि गरजच काय? ज्याला झोंबायचं त्याला झोंबलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच श्रीमंतराव एम-एटी गाडीवरून आले.

"जय भीम सर. सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब येत्यात पाहणीला. खोल्या हायेत, फळे हायेत, पोरं हायेत. बाकं न्हाईत."

"मग?"

"बाकं न्हाईत तर परवानगी न्हाई, असं साहेब म्हनले. मी म्हनलं, काळजीच करू नका. आमच्या हेडमास्तरांच्या जुन्या शाळेत शेडमधी लई बाकं पडल्यात. सरांचा शब्द अण्णा मोडायचे न्हाईत. टेम्पो बी आनलाय, फाट्यावर उभा हाय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. शाळा उघडली नाही तर हेडमास्तरकी नाही, आणि जुनी नोकरी तर कालच टाळ्या वाजवून संपली होती. आतून जयमालाबाई म्हणाल्या, "जा आता. सभ्य मानसं हायेत, देतील."

श्रीमंतरावांबरोबर सर टेम्पोत बसले. ज्या माणसाला काल लाज वाटू द्या म्हणालो, त्याच्यापुढे आज हात पसरायचा! त्यांना स्वतःचा राग आला, श्रीमंतरावांचा आला, बाकांचासुद्धा आला.

फाटकातच दहातोंडे भेटले. सरांनी मान खाली घातली. दहातोंड्यांनी त्यांचा हात धरून त्यांना चिंचेच्या झाडाआड नेलं.

"काय बोललात सर! अण्णाची बिनपाण्यानं केलीत. सोयरे पुढं केले म्हणे! त्या मेव्हण्यानं वाटच लावली होती शाळेची. मला बोलता येत नव्हतं, तुम्ही बोललात."

"अहो, पण झोपा काढल्या म्हणालो मी!"

"तर काय! मीटिंगमध्ये घोरतो की अण्णा."

श्रीमंतरावांना घेऊन सर आत गेले. ऑफिसात अण्णा बसले होते. त्यांनी उठून सरांना खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बसा सर. दहातोंड्याला बरं झाडलंत. व्याही पडला, मला तोंड उघडता येईना. पोरं जादा तासाला बसली की ह्यो झोपतोय. आन शिक्षकांकडनं स्वतःच्या शेतातली कांदा-भरनी करून घेतली, ठाव हाय मला. घरचा गडी! काय शब्द काढलात!"

"अण्णा, माझा रोख..." साळवे सर उसळले. श्रीमंतरावांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि बाकांचा विषय काढला.

"बाकं ना? न्या की. सगळीच न्या!"

बाकं टेम्पोत चढली, दोर आवळला गेला. सर केबिनमध्ये चढता चढता थांबले. एवढा साठवलेला संताप, आणि एकालाही ओरखडा नाही! ते खाली उतरले आणि थेट अण्णांपुढे जाऊन उभे राहिले.

"अण्णा, स्पष्ट सांगतो. ते भाषण तुमच्याबद्दल होतं. तुमच्या!"

अण्णा पोट धरून हसले. "सर, लई गमत्ये हाय तुमी! जाता जाता बी चेष्टा!"

सोमवारी साहेबांनी बाकांवर हात फिरवला आणि परवानगी मिळाली. मैत्री विद्यालय सुरू झालं, नावारूपाला आलं. साळवे सरांनी कष्ट घेतले, यात वाद नाही. दुपारच्या डब्यानंतर खुर्चीत डोळे मिटून शाळेचा विचार करायची सवय त्यांना तिथेच लागली. पुतण्या संदीपला त्यांनी क्लार्क म्हणून घेतलं, पण तो मुळातच हुशार होता, ती गोष्ट वेगळी. सरांच्या घराला रंग दिला तेव्हा शिक्षक रविवारी आपण होऊन आले, असं सर सांगत.

पुढे विज्ञानाच्या सबिहा मॅडमना सरकारी नोकरी लागली. निरोप समारंभात त्या बोलायला उठल्या आणि त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"या शाळेत काही माणसांनी झोपा काढल्या," त्या म्हणाल्या. "काही माणसांनी घरची माणसं भरली. काही माणसांनी रविवारीसुद्धा आम्हाला राबवलं, आणि वर त्याला मैत्री म्हणाले!"

साळवे सरांनी हळूच शेजारी श्रीमंतरावांकडे पाहिलं. बाई खरं तेच बोलत होती. अध्यक्षांचा भाचा शिपाई होता, आणि मीटिंगमध्ये पेंगतं कोण हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. सर उठून उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

श्रीमंतरावही उठले. साळवे सरांकडे कीव आल्यासारखं बघत तेही टाळ्या वाजवत होते.

सबिहा मॅडमना वाटलं, शरमेने वाजवत असतील.