हिरामणनाना आणि लांब मानेचं जनावर

पडद्यावरच्या डायनासोरची शेपूट बघून हिरामणनाना सांगतात, त्याचं पोट ठीक आहे की बिघडलंय.

आमच्या मॉलमधल्या थेटरात ते तिकीट तपासायला आणि अंधारात खुर्ची दाखवायला आहेत. मी झाडलोटीला. इंटरवल झाला की मी झाडू-सुपली घेऊन तीन नंबर हॉलच्या दाराबाहेर उभी राहते, नाना दाराच्या आत उभे असतात. मॉलच्या मागेच त्यांचं गाव. आता गाव म्हणजे चार गल्ल्या आणि एक देऊळ, बाकी चारी बाजूंनी टॉवर. एके काळी नानांच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. त्यामुळे डायनासोरला ते डायनासोर म्हणत नाहीत. जनावर म्हणतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हा सिनेमा लागला. आधी त्याचे किती भाग झाले मला माहीत नाही, मी एकही पाहिला नव्हता. नाना पहिल्या दिवशीचा पहिला खेळ बघून बाहेर आले ते एकदम गंभीर. मला वाटलं आत कुणाला काही झालं.

"बाय," ते म्हणाले, "एवढी जनावरं दोन तास खातायत, आनि सगल्या पिच्चरमधी शेनाचा एक पो नाय पडला."

मग रोज एकेक चूक निघायला लागली. एकाही जनावराच्या अंगावर माशी नाही. कानामागे गोचीड नाही. डॉक्टरीण बाई चिखलातून पळते, पण बूट पांढरेच. आणि ह्या भागासाठी मुद्दाम बनवलेलं ते मोठं जनावर, ज्याचं तोंड बाहेर पोस्टरवर आहे, ते तर नानांच्या डोक्यातच गेलं होतं. सारखं ओरडतं म्हणून. शिकार करणारं जनावर गप येतं, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी खारघरच्या डोंगरातून तरस खाली उतरायचा तेव्हा कोंबडी गेल्यावरच कळायचं. ह्याला पुढच्या भागात घेऊ नये, असं त्यांनी मला बजावून सांगितलं, जसं काही घेणारी मीच.

चांगलं असेल तेही सांगायचे. पिल्लू आईच्या पोटाखालून चालतं ते बरोबर. श्वास घेताना बरगड्या हलतात त्या बरोबर. आणि इंटरवलनंतर एक जागा आहे. बेटावर पाणी चढतं, लांब मानेचं एक म्हातारं जनावर फाटकाआड अडकतं, ते फाटकावर धडका देतं आणि माणसं बोटीकडे पळून जातात. "पिच्चर तितंच हाय," नाना म्हणायचे. "बाकी पलापली."

हे सगळं मला सांगितलं तर चालेल. पण ते तिकीट फाडता फाडता लोकांनाही सांगायचे. कॉलेजच्या पोरी मुद्दाम विचारायच्या, काका, कसा आहे? नाना म्हणायचे, "पयला अर्धा दुधाचा, दुसरा पान्याचा. जनावरं बघा, मानसांकडं लक्ष देऊ नका." पोरी हसत आत जायच्या. मॅनेजर साहेबांनी त्यांना दम दिला, की आपण पिक्चर विकतो, त्याची तपासणी करत नाही. त्या दिवसापासून नाना तोंडाने काही बोलेनात. कुणी विचारलं की नुसत्या भुवया वर करायचे आणि मान डावीकडून उजवीकडे अशी हलवायचे, की निम्मी लाइन हसायला लागायची. मला मात्र धाकधूक. साहेबांच्या बुटांचा आवाज मी लांबून ओळखते.

खरी भीती नंतर आली. तक्रार गेली, की ऐन रंगात आलेल्या जागी तीन नंबरचं बाहेर जायचं दार उघडतं आणि पडद्यावर उजेड पडतो. एक नाही, तीन-चार लोकांनी लिहिलं होतं. जागा तीच, फाटकाची.

कोण उघडतं ते मला माहीत होतं. मी बाहेरच तर असते. धडकांचा आवाज सुरू झाला की दार वीतभर उघडायचं आणि फटीत नानांचा खांदा दिसायचा. एकदा मी विचारलं होतं. ते म्हणाले, "पोरं घाबरतात गो. गोठ्यात पन असंच. दार दिसलं की जनावर धडपडत नाय." आणि खरंच, एकदा एक चिमुरडी आईचं बोट धरून त्या फटीतून बाहेर आली, पाणी प्यायली, नानांना टाटा करून परत आत गेली.

साहेबांनी मला गाठलं. "मावशी, ते दार मध्येच कोण उघडतं?"

मी म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून उभी असते. ते म्हणाले, बुधवारी दुपारच्या खेळाला मी स्वतः बसतो. नानाच असले तर ठेकेदाराला सांगून दुसरा माणूस मागवतो.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नानांची बायको वारली आहे. मुलगा ऐरोलीला फ्लॅटमध्ये राहतो. नाना त्याच्याकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. म्हणतात, तिथे सगळे कामावर, आणि टीव्हीतली जनावरं पण इंग्रजी. ही नोकरी गेली तर हा माणूस दिवसभर बोलणार कुणाशी?

बुधवारी सकाळी मी धीर करून त्यांना सांगितलं, की नाना, आज दार उघडू नका, साहेब आत बसणार आहेत. मी आपणहून कुणाला काही सांगते असं फार कमी होतं. नानांनी भुवया वर केल्या नाहीत की काही नाही. "बरं," म्हणाले.

मी दाराबाहेर उभी राहिले. इंटरवल झाला. पाण्याचा आवाज सुरू झाला, मग माणसांची ओरड, मग पहिली धडक. दाराची चौकट थरथरते त्या वेळी. मी झाडूची मूठ घट्ट धरली आणि दाराकडे बघत राहिले. दुसरी धडक. तिसरी. एकदा दार जरासं हललं असं वाटलं. पण ते उघडलं नाही. मग बोटीचं संगीत सुरू झालं आणि मी झाडू भिंतीला टेकवला.

खेळ संपला. नऊ-दहा माणसं बाहेर आली, सगळी मोठी. शेवटी साहेब आले. "काही नाही, मावशी. लोकांना तक्रारी करायला लागतात," असं म्हणून मोबाइल बघत निघून गेले.

मी आनंदाने आत गेले. दिवे लागले होते. नाना दाराच्या बंद झडपेशी पायरीवर बसले होते. दार उघडायची आडवी दांडी असते ना, ती त्यांनी धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी. मी सांगितलं, साहेब गेले, त्यांना काही दिसलं नाही. तरी हात सुटेनात. शर्ट पाठीला चिकटला होता, आणि एसी तर केवढा असतो आमच्याकडे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बरं झालं नाना, आज एकही पोर नव्हतं. दार उघडायची गरजच नव्हती."

"मी व्हतो ना," नाना म्हणाले.

मग ते रिकाम्या पडद्याकडे बघून बोलायला लागले. एका वर्षी भरतीचं पाणी नाल्यातून वर आलं आणि गोठ्यात शिरलं. तेव्हा एकच म्हैस उरली होती, म्हातारी. नाना मुलाच्या साखरपुड्याला गेले होते. ती भटकते म्हणून जाताना फाटकाला कडी त्यांनीच घातली होती.

"त्या पिच्चरवाल्यांनी फाटकाच्या फलया बरोबर दाखवल्यात, बाय," ते म्हणाले. "आतून फुटलेल्या."

त्या दिवशी मी झाडायला नानांपासून पार लांबच्या, पडद्याजवळच्या रांगेपासून सुरुवात केली आणि प्रत्येक खुर्चीखालचे पॉपकॉर्न एकेक करून उचलले.