ठमाबाईंची मुकी पंगत

"यंदाचा दिवाळसण असा करते, की कल्याणची माणसं परत जाताना आगगाडीत दुसरं काही बोलणार नाहीत," असं ठमाबाईंनी नवरात्रातच जाहीर करून टाकलं. ते खरंही ठरलं. फक्त त्यांच्या मनात होतं त्याहून जरा वेगळ्या अंगाने.

त्यांचे यजमान त्र्यंबकराव ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनी हाक मारली की पक्षकार आवारातल्या पिंपळाखालून धावत यायचे. पेन्शन सुरू झाली आणि वर्ष-दोन वर्षांत कान गेले. आवाज तेवढा राहिला. मुलीच्या, शकूच्या, लग्नात व्याही दौलतराव जेवताना आपल्या आईच्या शेवटच्या दुखण्याची हकीकत सांगत होते, तेव्हा समोरच्या ओळीत कुणीतरी कशाला तरी हसलं. त्र्यंबकरावांना वाटलं, आता हसायचं असतं. ते हसले, तेही शिरस्तेदारी आवाजात, आणि दौलतरावांची आई नेमकी त्याच क्षणी गेली.

त्या दिवसापासून त्र्यंबकराव पंगतीला बसेनात. सणावाराला त्यांचं पोट बिघडू लागलं आणि माजघरात एकट्याचं पान वाढलं जाऊ लागलं. दिवाळसणाला जावई, व्याही आणि चार कल्याणकर येणार हे कळताच त्यांनी सांगून टाकलं, की पाडव्याला आपण शहाडच्या शेतावर भाताची कापणी बघायला जाणार. मुलगा भाऊ याला तर बरंच वाटलं. बाबांना ताप आहे असं सांगू, म्हणाला, उगाच पुन्हा फजिती नको.

"ताप मलाच आलाय, तुमचं बोलणं ऐकून," ठमाबाई म्हणाल्या. "घरचा धनी पहिल्या पाटावर बसला नाही, तर या घरात दिवाळीची पणती लागायची नाही. सांगून ठेवते."

सांगितलं खरं, पण करायचं काय? पाहुण्यांचं बोलणं कुणीतरी त्यांच्या कानाशी ओरडून सांगायला हवं. भाऊ लाजायचा. स्वतः ठमाबाई ओरडल्या असत्या, त्यांचा गळा काही कमी नव्हता. पण व्याह्यांसमोर बाई नवऱ्याशी साधं बोलत नाही, तिथे ओरडणार कशी? आठ दिवस त्यांनी विचार केला, त्या भरात दोनदा आमटी करपवली, आणि नवव्या दिवशी उठून भटजींकडे गेल्या. चातुर्मासात मौनाने जेवायचं व्रत असतं, ते साऱ्या घरादाराने पाहुण्यांसकट केलं तर चालेल का, हा त्यांचा प्रश्न. उत्तम चालेल, भटजी म्हणाले, फक्त कार्तिकात उद्यापनाला देवाला घंटा वाहावी लागेल. घंटा तर घंटा. ज्या पंगतीत कुणीच बोलत नाही, तिथे बहिरा कोण हे कुणाला कळणार?

व्रताचा निरोप कल्याणला गेला. त्र्यंबकरावांना मात्र काही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे आळीभर सांगणं. त्यांच्यापुरता उपाय सोपा होता. पाडव्याच्या सकाळी ठमाबाईंनी त्यांची पगडी धान्याच्या कोठीत टाकली आणि कुलूप लावलं. निवृत्त शिरस्तेदार बोडक्या डोक्याने शहाडला जातो की काय! चडफडत का होईना, ते सोवळं नेसून पहिल्या पाटावर बसले, डोळे पानावर लावून.

पंगत मोठी देखणी दिसत होती. समोरासमोर दोन ओळी, मध्ये रांगोळी, केळीची पानं. वाढायला एका टोकाकडून सून कमळा निघाली आणि दुसऱ्या टोकाकडून स्वयंपाकाच्या रंगूबाई. वाढपिणींनाही मौनच होतं. एरवी या दोघी वाढताना "तिकडे झालं का गं?" असं सतत विचारत असत, त्यामुळे कुणी राहत नसे. आज दोघींच्या हातात तुपाची भांडी होती आणि दोघींची तोंडं बंद होती. मधल्या पाटावर जावई होता. कमळाला वाटलं, त्याला रंगूबाईंनी तूप वाढलं आणि रंगूबाईंना वाटलं, कमळाने वाढलं. दोघी आत निघून गेल्या.

आता भातावर तूप पडल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची रीत. आणि जावयाने सुरुवात केल्याशिवाय दिवाळसणाची पंगत जेवत नाही, हीदेखील. जावई गोविंदराव हात जोडून बसून राहिले. त्यांच्यासाठी सारी पंगत बसून राहिली.

ठमाबाईंनी दाराआडून पाहिलं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं, की जावईबापू रुसले. दिवाळसणाला जावयाने रुसायचंच असतं. दौलतरावांनाही तसंच वाटलं. येताना गाडीत त्यांनी मुलाला बजावलंच होतं, की काहीतरी भारी हातात पडेपर्यंत घास उचलू नकोस. मुलगा तेव्हा तोंड वाकडं करून बसला होता. आता तो एवढा चिवट निघालेला पाहून बापाचा ऊर भरून आला.

ठमाबाईंनी भाऊला खूण केली. भाऊने जरीकाठी शेला आणून पानाशेजारी ठेवला. गोविंदरावांनी मान हलवली, आणि मूठ वळवून भातावर काहीतरी ओतल्याची खूण केली. भाऊ धावत जाऊन गुलाबदाणी घेऊन आला आणि त्याने जावयाच्या डोक्यावर गुलाबपाणी शिंपडलं, थोडं भातावरही पडलं. गोविंदरावांनी जोरात मान हलवली आणि वडिलांच्या पानावरच्या भाताकडे बोट केलं, तिथे पिवळंधमक तूप चमकत होतं. पण भाताशेजारी दौलतरावांचा हात होता आणि हातात अंगठी होती. भाऊने आत, आईकडे बघितलं. आईने डोळे मोठे केले. बिचाऱ्याने स्वतःची अंगठी काढून शेल्यावर ठेवली.

जावयाने कपाळावर हात मारला.

दाराआड ठमाबाई चक्रावल्या. अंगठीनेही भागत नाही, म्हणजे या मुलाला हवंय तरी काय? भात गार होत चालला, कल्याणकर एकमेकांकडे बघू लागले. एक शब्द विचारला असता तर सुटलं असतं, पण व्रत त्यांनीच घातलेलं. शकूचा दिवाळसण उपाशी उठणार आणि तोही आपल्या हट्टापायी, या विचाराने त्यांना रडूच आलं. शेवटी त्यांनी त्र्यंबकरावांच्या खुंटीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साहेबाने निरोपाच्या वेळी दिलेलं घड्याळ होतं ते. भाऊ ते घेऊन ओळीतून जायला लागला, तेव्हा त्र्यंबकरावांनी प्रथमच मान वर केली.

त्यांनी घड्याळ पाहिलं. शेला, अंगठी, भिजलेला जावई पाहिला. दोन वर्षं त्यांना माणसांचे फक्त चेहरे आणि हातच वाचायला होते, आणि आज सगळी पंगत त्याच भाषेत बोलत होती. कोर्टात घुमायचा तो आवाज घरात घुमला.

"अरे, त्याच्या भातावर तूप नाही!"

रंगूबाई भांडं घेऊन धावल्या. तूप पडलं, जावयाने घास घेतला, पंगत जेवायला लागली. त्र्यंबकरावांनी भाऊला अंगठी बोटात घालायला आणि घड्याळ खुंटीला लावायला सांगितलं. दौलतरावांनी तोंड उघडलं, पण व्रत आठवून परत मिटलं. शेला मात्र राहू दे, त्र्यंबकराव म्हणाले, पोरगा भिजलाय.

मग ते थांबलेच नाहीत. कोण लाजतंय, कुणाला आमटी हवी, कुणाचं पोट भरलंय हे त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. मधल्या वेळात त्यांनी कोर्टातले तीन जुने खटले पहिल्या जबानीपासून निकालापर्यंत सांगितले. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी विषय बदलला नाही. दौलतरावांसारखा बोलका माणूस मठ्ठा पिऊन होईपर्यंत नुसता मान डोलवत होता.

पाहुणे गेल्यावर त्र्यंबकराव स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "माझी पगडी दे," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "फार दिवसांनी मी आज माणसांत जेवलो." ठमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि कोठीची किल्ली काढून दिली.

कार्तिकात उद्यापन झालं. आळीतल्या गणपतीच्या देवळात ठमाबाईंनी चांगली वजनदार पितळी घंटा बांधली. त्र्यंबकराव रोज पहाटे दर्शनाला जातात आणि ती स्वतःला ऐकू येईपर्यंत वाजवतात. सारी आळी उठते. शेजारी तक्रार घेऊन येतात, तेव्हा ठमाबाई आपल्याच कानाकडे बोट दाखवतात, मान हलवतात आणि दार लोटून घेतात.