शब्बीरभाईची बुरशीची फळी

जेवायला बोलावलेला पाहुणा ताजी भाकरी बाजूला सारून शिळी मागतो, हे कुणी पाहिलंय? मी पाहिलंय. दौंडचा शब्बीरभाई. रक्त-लघवी तपासायची लॅब त्याची. वरवंडला आमच्या घरी जेवला आणि बायकोला म्हणाला, "काकू, बुरा आलेला तुकडा असंल तर द्या."

"आमच्या घरात बुरा येत न्हाई," मी सुनावलं.

त्यानं टोपलीच्या तळातून तुकडा काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"

भाकरीला!

त्याच्या लॅबमध्ये एक लांब फळी होती. तिच्यावर झाकणाच्या काचेच्या बश्या आणि प्रत्येक बशीत बुरशी. हिरवी, काळी, गुलाबी. कुणाच्या चपलेवरची, कुणाच्या गुळाच्या ढेपेवरची. अधूनमधून त्यांना नव्या बशीत हलवायचा, खायला घालायचा. पेशंट बाहेर ताटकळलेत आणि हा आत बशीशी बोलतोय. मला हे कधीच पटलं नाही आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगितलंय.

मग ऊस तोडताना पाचट माझ्या डाव्या डोळ्याला चाटून गेलं. डोळा आधी लाल झाला, मग पांढरट. डोळ्याच्या डॉक्टरनं जखम खरवडून निघालेलं शब्बीरभाईकडं पाठवलं. त्यानं लगेच सांगितलं, बुरशी हाय. थेंब सुरू झाले, पण लागू पडेनात. कुठली बुरशी ते कळलं तरच दुसरं औषध देता येईल, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ती बशीत वाढवायला ठेवली.

मी रोज जाऊन भांडायचो.

"कळलं का नाव?"

"वाढू द्या, आप्पा. घाई केली की खोटं नाव सांगती."

"माझा डोळा चाललाय आन् तुम्ही तिचे लाड करताय!"

"हळू बोला. तुमचा श्वास बशीवर पडतोय."

वाढली एकदाची, पण त्याला ओळखू येईना. तेव्हा पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात नवीनच यंत्र आलं होतं. लेझरचा झटका देऊन बुरशीतले बारीक कण उडवायचं आणि त्यांच्या वजनावरून नाव सांगायचं. मी जन्मभर कारखान्याच्या काट्यावर ऊस घातलाय. वजनावर माझा विश्वास नाही, तेही त्याला सांगितलं. तो बशी मांडीवर घेऊन गेला आणि तोंड पाडून आला.

"आप्पा, ही तुमच्या डोळ्यातली न्हाई."

"मग कुणाच्या डोळ्यातली?"

"माझ्या फळीवरची हाय. उडून तुमच्या बशीत पडली. मला शंका आली म्हणून फळीवरची एक बशीपण नेली होती. दोन्हींचं नाव एकच निघालं."

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याचा बाप काढला, आजा काढला. "उद्या डोळा परत खरवडून घेऊ. त्याआधी फळी रिकामी करतो," एवढंच तो म्हणाला.

मी घरी गेलो नाही. खरंच रिकामी करतो का, ते बघायला तिथंच बसलो. लॅबचा कचरा उकळायला त्याच्याकडं मोठा कुकर होता. एकेक बशी त्यात जायला लागली. मी बोट दाखवत होतो. "ती पण. ती कोपऱ्यातली पण."

कोपऱ्यातली हातात घेऊन तो थांबला. राखाडी होती, सशाच्या पिलासारखी मऊ.

"टाका की!"

"रजियाच्या लोणच्यावरची हाय," तो म्हणाला. रजिया त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. "तिच्या हातची शेवटची बरणी. लोणचं नासलं, मला टाकवंना. म्हणून हिला जगवत राहिलो, या बशीतून त्या बशीत. एकटीच होती, मग बाकीच्या आणल्या."

त्यानं ती कुकरात ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या खेपेला खरी बुरशी उगवली, यंत्रानं नाव सांगितलं, थेंब बदलले. डोळ्यात पांढरा ठिपका राहिलाय, पण दिसतं.

माझा राग मात्र गेलेला नाही. इतका शिकलेला माणूस, आन् एवढी अक्कल नाही? ती एक बशी गुपचूप खिशात घालायची होती. मी तर त्या दिवशी एकाच डोळ्यानं बघत होतो.