पंधरा दिवसांत अभिजात

एखादा भयपट अभिजात ठरायला पूर्वी तीस-चाळीस वर्षं लागत. इतकी प्रकरणं प्रलंबित राहणं सांस्कृतिक खात्याला शोभत नव्हतं. म्हणून परिपत्रक निघालं: काळाच्या कसोटीसाठी पुरेसा काळ उपलब्ध नसल्याने सदर कसोटी काळाशिवाय, प्रदर्शनाआधीच, पंधरा दिवसांत उरकण्यात यावी. पाच जणांची समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद अर्थातच समीक्षकमहाशयांकडे आलं.

महाशयांचा अधिकार वादातीत होता. त्यांचं वर्तमानपत्रातलं सदर बावीस वर्षं चालू होतं. ‘खरं भय दाखवण्यात नसतं, न दाखवण्यात असतं’ हे त्यांचं वाक्य विद्यार्थी परीक्षेत लिहून गुण मिळवत. या सिद्धान्ताचा उगम मात्र फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होता. महाशय जात्याच भित्रे. पडद्यावर दार करकरलं की डोळे गच्च मिटत, ते थेट मध्यंतराला उघडत. घरी आल्यावर सोबत बसून चित्रपट पाहिलेली बायको भाजी निवडता निवडता गोष्ट सांगे आणि हे लिहून घेत.

“अहो, एकदा तरी डोळे उघडून बघा,” ती म्हणे. “एवढं काही नसतं त्यात.”

“आणि सिद्धान्ताचं काय करू?”

पण समितीच्या खेळाला नातेवाइकांना मज्जाव होता. बिंग फुटलं तर बावीस वर्षं पाण्यात जाणार, ही धास्ती घेऊनच महाशय सकाळी चित्रपटगृहाशी पोहोचले. दाराशी बाकावर दिग्दर्शिका बसली होती. तिचा हा पहिलाच चित्रपट.

“सर, शेवटचा आरशाचा प्रसंग नीट बघाल ना? त्यावर तीन वर्षं घालवलीत मी.”

“डोळ्यात तेल घालून बघतो,” महाशय म्हणाले.

अकरा वाजता खेळ सुरू झाला. पडदा उजळण्याआधीच पहिलं दार करकरलं आणि महाशयांनी डोळे मिटले. पावलं वाजली, कोणी किंचाळलं, काचा फुटल्या. समितीच्या खेळाला मध्यंतर नव्हतं; दोन तास असेच गेले. शेवटी शेजारचे निवृत्त प्राध्यापक इतक्या जोरात शिंकले, की महाशयांचे डोळे आपसूक उघडले.

पडदा काळाकुट्ट होता. आवाज येत होता, चित्र नव्हतंच. बाहेर जायच्या दारावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी सदस्यांकडे पाहिलं. प्राध्यापकांच्या डोळ्यांवर रुमाल, मानसतज्ज्ञ बाईंच्या डोळ्यांवर पदर, समितीतले ज्येष्ठ निर्माते डोळे मिटून खुर्चीत खाली घसरलेले, आणि सदस्य-सचिवांनी फाइल डोळ्यांपुढे धरलेली. आपण एकटेच भित्रे नाही हे कळून महाशयांना क्षणभर फार बरं वाटलं.

दिवे लागले. “काय ते प्रकाशाचं भान!” प्राध्यापक म्हणाले. “आरसा तर अंगावर येतो,” बाई म्हणाल्या. महाशयांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण ‘मग दोन तास काय करत होतात?’ हा प्रश्न आधीच ऐकू आला. त्यांनी सही केली. ठराव एकमताने मंजूर झाला.

तेवढ्यात यंत्रचालक धावत आला. “साहेब, चुकलं. यंत्राचा दिवा गेला होता, चित्र आलंच नाही. परत लावू?”

कोणी कोणाकडे बघेना. सदस्य-सचिवांनी चष्मा पुसला. “ठराव झालेला आहे. समितीने जे पाहिलं, तेच अभिजात. चित्रपटाच्या निर्मात्यांनी चित्र वगळून सुधारित प्रत सादर करावी.”

दाराशी हे ऐकलेली दिग्दर्शिका आत आली आणि रडवेली होऊन महाशयांपुढे उभी राहिली. “सर, तुम्ही तरी सांगा. तुम्ही आरसा बघितलात ना?”

“बाळ,” महाशय म्हणाले, “खरं भय न दाखवण्यातच असतं.” हे म्हणताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डोळे उघडले होते, आणि तोंड मात्र मिटून घेतलं होतं.

चित्रपट काळ्या पडद्यानिशी लागला आणि तुफान चालला. महाशयांनी साडेचार तारे दिले. बायको स्वतःचं तिकीट काढून बघायला गेली आणि तासाभरात परत आली.

“काहीच नव्हतं हो,” ती म्हणाली. “मला वाटलं आपलेच डोळे बिघडले. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्यांना विचारलं, तुम्हाला काही दिसतंय का?”

“मग? काय म्हणाले ते?”

आता ते तिने कशाला सांगायचं? शेजारच्या खुर्चीत, वाचकहो, तुम्हीच होतात. तिच्याकडे न बघता, डोळे मिटूनच तुम्ही म्हणालात, “शूऽऽ! अभिजात आहे.”