आधी अब्बांनी प्यायचं

मोतीबाईनं पदरातली बोरं ओट्यावर ओतली आणि कहकशानं बोरांकडे बघून तोंड फिरवलं. तिथंच नाहिदच्या हातातला झाडू थांबला. तिची सात वर्षांची लेक बोरांसाठी शाळा बुडवायची, पोरांशी मारामारी करायची, आणि एकदा तर शेजारच्या मोतीबाईच्या बोरीवर चढून खाली येता येईना म्हणून वरच बोरं खात बसली होती. तीच पोरगी आज भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन गप्प होती.

"पोट दुखून राहिलं, अम्मी. काल रात्रीपासून."

"कुठं दुखतंय?"

कहकशानं बेंबीभोवती गोल बोट फिरवलं.

पुढचं बोलणं फातिमाबीनं हातात घेतलं. फातिमाबी म्हणजे नाहिदची सासू. गोरेगावच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. दुकान आता नाहिदचा नवरा कय्युम बघायचा, पण बांगड्या भरायला बाया फातिमाबीकडंच यायच्या. गावातल्या आज्यांची, लेकींची, नातींची मनगटं तिच्या हाताखालून गेली होती. एवढी मनगटं दाबल्यावर आपल्याला नाडीही कळते, असं तिचं ठाम मत होतं. आणि तंग बांगडीसुद्धा न फोडता चढवणाऱ्या बाईशी वाद घालायची गावात पद्धत नव्हती.

तिनं नातीचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "गॅस हाय. आन् थोडी नजर."

"अम्मा, दवाखान्यात दाखवायचं का?"

फातिमाबीनं एकच डोळा उघडला. "काहून? जांभळं खाल्ली का हिनं?"

मोतीबाई तोंडाला पदर लावून हसली.

त्या हसण्यामागं मागच्या उन्हाळ्याची गोष्ट होती. कहकशाची जीभ अचानक जांभळी पडलेली बघून नाहिदनं पोरीला उचललं होतं, अनवाणी पळत जीप गाठली होती आणि थेट सेनगावचा डॉक्टर. डॉक्टरनं जीभ बघितली, पोरीच्या फ्रॉकचा खिसा बघितला, खिशातून जांभळाच्या बिया काढल्या आणि मुकाट्यानं नाहिदच्या हातावर ठेवल्या. तेव्हापासून नाहिदनं "दवाखाना" म्हटलं की अख्खी गल्ली जांभळांची चौकशी करायची.

म्हणून नाहिदनं पुन्हा झाडू उचलला. पण तिचं लक्ष पोरीवरून हटेना.

फातिमाबीनं कपाटातून एरंडेलाची बाटली काढली. ते बघितलं आणि नाहिद पुढं झाली. तिच्या माहेरी, शिरड शहापूरला, शेजारच्या पोराचं असंच पोट दुखलं होतं. त्याला दिवसभर एरंडेल पाजलं, पोटात काहीतरी फुटलं, आणि मग बिचारा महिनाभर नांदेडच्या दवाखान्यात. वाचला, पण त्याचं ते ओरडणं तिच्या कानातून कधी गेलं नाही.

"अम्मा, एरंडेल नका देऊ. काहून दुखतंय ते कळल्याबिगर पोटात काहीच घालायचं न्हाई."

"माझ्या पाच लेकरांना दिलं म्या! ह्यो बघ की, कसा घोड्यावानी हाय."

घोडा, म्हणजे कय्युम, नेमका जेवायला घरी आला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की तो छताच्या पत्र्याकडे बघायचा. आत्ताही बघत होता.

तोडगा कहकशानंच काढला. दुखण्यानं तोंड एवढंसं झालं होतं, पण आवाज तोच. "आधी अब्बांनी प्यायचं."

कय्युमला लेकीला नाही म्हणता येत नसे. त्यानं कप भरला, गटकन प्याला आणि म्हणाला, "बघ. सरबत हाय नुसतं."

"मग तोंड काहून वाकडं केलं?"

"न्हाई केलं."

"केलं. आता तोंड वाकडं न करता पिऊन दाखवा."

त्यानं पुन्हा कप भरला.

"आता डोळे मिटले."

पुन्हा.

"आता बघा, अंगावर काटा आला. सरबत पिऊन काटा येतो का?"

कय्युमनं इरेला पेटून बाटलीच तोंडाला लावली. खाली ठेवली तेव्हा तळाला माशी बुडेल एवढंही तेल राहिलं नव्हतं.

"अरे येड्या!" फातिमाबी ओरडली. "माझ्या नातीचं औषध समदं पिलास की रे!"

नाहिदनं तोंड वळवून हसू दाबलं. पोट धरून बसलेल्या या इवल्याशा पोरीनं, जे आपल्याला जमलं नाही ते करून दाखवलं होतं. शेवटी लेक कुणाची, असं तिला घटकाभर वाटून गेलं.

पण दुपार कलली तशी ती घटका सरली. कहकशाला एकदा उलटी झाली. अंग कोमट लागायला लागलं. नाहिदनं पुन्हा विचारलं, "कुठं दुखतंय?" तर आता बोट बेंबीवर नव्हतं. ते उजवीकडे, खाली, एकाच जागी टेकलं होतं.

"राणी, ओट्यावरून उडी मारतेस का?"

एरवी दिवसभर त्याच ओट्यावरून धपाधप उड्या मारून दादीची झोप उडवणारी पोरगी ओट्याच्या कडेला आली, खाली बघितलं, आणि वाकून, बसून, एकेक पाय सोडून खाली उतरली. उतरतानाही उजवा हात पोटावरच.

नाहिद आत गेली, बुरखा चढवला, बाहेर आली. "हिंगोलीला जायचं. आत्ता."

"परत?" फातिमाबी म्हणाली. "लोक हसतील, नाहिद."

"हसू द्या. मागच्या बारीला बी हसले, मला काय झालं? ह्या बारीला बी जांभळं निघाली तर मी सोता गल्लीला वाटीन. पण न्हाई निघाली तर मी कुणाकडं बघू, अम्मा?"

फातिमाबी चप्पल शोधायला लागली.

चौकात मोहनसिंगची जीप उभी होती. "भाभी, तुमाला म्हाईत हाय," तो म्हणाला, "भरल्याबिगर जीप हालत न्हाई, पण लेकरू आजारी हाय तर—" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत जीप भरली. गल्लीतलं कुणी दवाखान्यात निघालं की त्याला एकट्यानं पाठवायची तिथं रीत नाही. मोतीबाई पाण्याची बाटली घेऊन चढली, तिच्यामागं तिची सून, मग समोरचे, मग मागच्या गल्लीतले दोघे ज्यांना कोण आजारी आहे हेही माहीत नव्हतं. पेशंटच्या बापाला जागा उरली नाही. कय्युम मागं फळीवर लोंबकळला.

प्रत्येक खड्ड्याला कहकशा "अम्मी" म्हणून कळवळत होती आणि प्रत्येक खड्ड्याला जीपमधून नवं निदान येत होतं. कुणी जंत म्हणालं, कुणी बेंबी सरकली म्हणालं. मोतीबाईच्या सुनेनं ओवा काढला. नाहिदनं तो हात तसाच मागं सारला. "तोंडात काही घालायचं न्हाई म्हंजे न्हाई."

आणि मग मागून कय्युमनं पत्रा बडवला. "थांबव! मोहनसिंग, थांबव!"

एरंडेल जागं झालं होतं. कय्युम उडी टाकून तुरीच्या रानात दिसेनासा झाला. जीप थांबली. तो आला. दोन वळणं गेली नाहीत तोच पुन्हा पत्रा वाजला, पुन्हा तूर. पुढच्या गावाच्या अलीकडं तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा तो "थांब" म्हणेपर्यंतही टिकला नाही.

जीपमध्ये सगळे रानाकडे बघत बसले. कहकशाचं कपाळ नाहिदच्या गळ्याला तापलेलं लागत होतं.

"मोहनसिंगभाऊ, चला," नाहिद म्हणाली.

"आन् कय्युमभाई?"

"ते येतील मागून."

 नवऱ्याला तुरीत सोडून गेलेली बाई त्या रस्त्यानं अजून बघितली नव्हती.

"माझा ल्योक हाय तो!" फातिमाबी म्हणाली.

"अम्मा, तुमचा ल्योक एरंडेलानं मरत न्हाई. माझी लेक थांबू शकत न्हाई."

फातिमाबीनं सुनेकडं बघितलं. मग नातीकडं. मग मोतीबाईच्या हातातली पाण्याची बाटली हिसकून घेतली, तुरीच्या दिशेनं भिरकावली आणि मोहनसिंगच्या खांद्यावर थाप मारली. "ऐकू येईना का रे तुला? काय म्हणून राहिली ती? हाण!"

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एवढी मंडळी बघून आधी अपघात झाला की काय असं विचारलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरबाईंनी हात वर केला. "आई कोण? फक्त आई बोलेल."

नाहिद बोलली. काल रात्री बेंबीपाशी सुरू झालं, आज उजवीकडं खाली सरकलं. एक उलटी. ताप. आवडीची बोरं खाईना. ओट्यावरून उडी मारीना. खड्ड्यात जीप आदळली की जास्त दुखतं. एकही शब्द मागंपुढं झाला नाही.

"काही खायला-प्यायला दिलं? एरंडेल वगैरे?"

"न्हाई, मॅडम," नाहिद म्हणाली. "ते तिच्या अब्बांनी घेतलं."

डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफीला पाठवलं. परत आल्या तेव्हा त्यांची चाल बदलली होती. "अपेंडिक्स आहे. सुजलंय, पण फुटलेलं नाही. आजच ऑपरेशन करू." मग नाहिदकडं बघून म्हणाल्या, "पुष्कळ लोक याला पोटदुखी समजून दोन दिवस घरी काढतात. तुम्ही वेळेत आणलंत. तुम्ही नर्सिंग केलंय का?"

"न्हाई. बारावी केली. मग ही झाली."

ऑपरेशन चालू असताना फातिमाबी व्हरांड्यात तसबीहची माळ ओढत बसली होती. मणी पुढं सरकत नव्हते. एकच मणी तिनं घट्ट धरला होता. नाहिद शेजारी बसली तशी तिनं सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. नाडी बघितली नाही. नुसता धरला.

कय्युम एका ट्रॅक्टरवर बसून पोचला. त्याची अवस्था बघून नर्सनं त्यालाही सलाईन लावलं. रात्री बघायला आलेले लोक केळी घेऊन आधी त्याच्याकडं जायचे, हळहळायचे, आणि मग विचारायचे, "आन् लेकरू कसं हाय?" लेकरू शुद्धीवर आलं होतं आणि विचारत होतं, "अब्बांनी सगळी बाटली पिली व्हती ना?"

घरी परतल्यावर आठवडाभर ओट्यावर माणसांची रीघ लागली. फातिमाबी प्रत्येकाला हकीकत सांगायची. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, "नाहिद म्हटली जायचं, मी म्हटलं चला." तिसऱ्या दिवशी, "आमी दोघींनी ठरवलं." शुक्रवारी तर दुखणंही तिनंच ओळखलं होतं, जीपही तिनंच भरली होती. नाहिद आतून चहा गाळत ऐकायची. तिला राग येत नव्हता. पोरगी उशीवर टेकून दादीच्या चुका काढत होती, तेवढं तिला पुरत होतं.

एका सकाळी मोतीबाई नातवाला काखेत घेऊन धावत आली. "फातिमाबी, ह्याचं पोट दुखून राहिलं वो!"

फातिमाबी ताडकन उठली. "हिंगोली! चप्पल घाल! एरंडेल दिलं न्हाई ना? मोहनसिंगला हाक मारा कुणीतरी!"

नाहिद बाहेर आली. तिनं पोराला खाली उभं केलं. कुठं दुखतं, तर सगळीकडं. उडी मार म्हटलं, तर दोनदा मारली. ताप नाही. उलटी नाही. आज शाळेत काय आहे, विचारलं. पाढे पाठ म्हणायचे होते.

"घरी न्या, मोतीबाई. दुपारपर्यंत नुसतं लक्ष ठेवा. दुखणं एका जागी बसलं, उलटी झाली, न्हाईतर अंग तापलं, तर थांबू नका, मला हाक मारा. मग मी बी येते संगं."

"न्हाई, न्हाई, हिंगोलीच!" फातिमाबी म्हणाली.

मोतीबाई गोंधळली. "आता मी कुणाचं ऐकू?"

 फातिमाबीनं तोऱ्यात पदर सावरला. "मला काय विचारून राहिली? माझ्या सुनेनं सांगितलं न्हवं? तिनं सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई बी गप ऐकत व्हत्या."

मोतीबाई नातवाला घेऊन गेली. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फातिमाबी ताठ बसून राहिली. मग सुनेकडं सरकली आणि आवाज खाली आणला.

"नाहिद... बराबर ना? पक्कं?"

"पक्कं, अम्मा."

"तसं मला बी वाटलंच व्हतं," फातिमाबी म्हणाली.